पोरगी रात्री कुणाचं काम करते?



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्यांची मुलगी तालुक्याला कॉम्प्युटरचं शिक्षण घेते. रात्री जेवणंखाणं आवरली, सगळी निजली, की ती लॅपटॉप उघडून बसते. आईने विचारलं, एवढं काय करतेस गं? तर म्हणाली, एका सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करतेय. कुणाचं सॉफ्टवेअर? सगळ्यांचं. पैसे किती मिळतात? काहीच नाही. मग काम सांगतं कोण? तो जर्मनीत असतो, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. एवढं ऐकल्यावर कोणत्या आईला झोप लागेल? ताईंनी विचारलं, "पोर हुशार आहे हो माझी, पण तिला कुणी फुकट राबवून तर घेत नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. फुकट राबणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चूल, पाणी, गुरं, म्हातारी माणसं, यांचा पगार कुणी कधी दिलाय? म्हणून 'हौसेने', 'सेवाभावाने' असे शब्द कानावर आले की आपण सावध होतो, आणि व्हायलाच पाहिजे. मला स्वतःला कोड लिहिता येत नाही. पण दहा-बारा जणी मिळून एखादी गोष्ट उभी करतात तेव्हा ती कशी वाढते आणि कुठे मोडते, हे गटांच्या कामात मी रोज बघते. त्याच नजरेने मी या विषयाची माहिती काढली. ती आज सांगते.

आधी सॉफ्टवेअर म्हणजे काय ते बघू. मोबाईलने काय करायचं, कसं करायचं, हे त्याला एका विशिष्ट भाषेत लिहून दिलेलं असतं. त्या लिखाणाला कोड म्हणतात. आता आपल्या गटाचा मसाला घ्या. बाजारात मसाल्याचा पुडा मिळतो. तो आणायचा, वापरायचा. त्यात धणे किती, मिरची कुठली, दगडफूल घातलंय की नाही, हे पुड्यावरून कळत नाही आणि कंपनी सांगत नाही. बरीचशी सॉफ्टवेअर अशी पुड्यातली असतात. पण समजा एखादीने मसाल्याबरोबर त्याचं प्रमाणही लिहून दिलं आणि वर म्हणाली, की करा, वाटा, विका, तुमच्याकडे तिखट जास्त लागत असेल तर मिरची वाढवा. असं प्रमाणासकट दिलेलं जे सॉफ्टवेअर, त्याला ओपन सोर्स म्हणतात. त्यातल्या काहींना एक अट असते, की तुम्ही बदल करून पुढे दिलंत तर तुमचं नवं प्रमाणही खुलं ठेवायचं, झाकून ठेवायचं नाही. ही अट अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन या माणसाने १९८९ मध्ये कायद्याच्या भाषेत पक्की लिहून काढली.

१९९१ मध्ये फिनलंड देशात हेलसिंकीच्या विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, आणि इंटरनेटवरच्या लोकांना कळवलं की मी हे हौस म्हणून करतोय, फार मोठं काही नाही, तुम्हाला यात काय हवं ते सांगा. लोकांनी नुसतं सांगितलं नाही, करून पाठवलं. कुणी चूक शोधली, कुणी नवा भाग जोडला. सुरुवातीला त्याच्या साधारण १०,००० ओळी होत्या, आज ३ कोटींहून जास्त आहेत. त्याचं नाव लिनक्स. तुमच्या मांडीवर आत्ता अँड्रॉइडचा मोबाईल असेल, तर त्याच्या पोटात हेच लिनक्स चालतंय. तेव्हा हे कुठल्या तरी लांबच्या लोकांचं खूळ आहे असं समजू नका.

आता हे लोक असं का करतात? आपल्याकडे सावड असते. आज सगळ्या जणी तुझ्या रानात खुरपायला, उद्या माझ्या. इर्जिक असते. ज्याच्या शेतात काम आहे त्याने बोलवायचं, गावाने औतं घेऊन यायचं, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. ओपन सोर्स यातल्या कशातच नीट बसत नाही. इथे राबतात पाच-पन्नास जण, आणि जेवायला जग येतं. त्यात मोठमोठ्या पैसेवाल्या कंपन्याही येतात. पण एक फरक आहे, आणि मला वाटतं सगळी गोष्ट या फरकात आहे. सॉफ्टवेअर हे पीक असं आहे की कितीही जणांनी नेलं तरी कणगी रिकामी होत नाही. एकीने नेलं काय आणि कोटी जणींनी नेलं काय, सारखंच. तिथे कमी पडतो तो राबणाऱ्या माणसांचा वेळ.

आणि वेळ देणारी माणसं जशी, तसं ते सॉफ्टवेअर घडतं. पगारावर काम करणाऱ्याला मालक सांगतो, हे कर. हौसेने आलेल्याला असं सांगता येत नाही. तो त्याला जे खटकतं ते दुरुस्त करतो. आपल्याकडे म्हणतात ना, ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याच्याकडे एखादं विचित्र यंत्र आहे तो ते चालवायची सोय लिहितो. ज्याला दिसत नाही तो पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारी सोय मागतो आणि जमलं तर स्वतः लिहितो. पण ज्या गोष्टीने तिथे बसलेल्यांपैकी कुणाचंच जळत नाही, ती गोष्ट वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

आपल्याच भाषेचं उदाहरण देते. 'शेतकऱ्याचा' हा शब्द लिहून बघा. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' लिहा. यातला जो अर्धा र आहे, तो मराठीत पदोपदी लागतो. हिंदीला तो लागत नाही. हिंदीवाल्याने देवनागरीची सोय केली तर त्याला या अक्षराची आठवण होईलच कशी? तो काही वाईट माणूस नाही, त्याला गरजच पडलेली नाही. मग तिकडे आचाऱ्यांना आमंत्रण लिहायचं तर ते आचार्यांना जातं! आपला ल आणि आपला श सुद्धा हिंदीपेक्षा निराळ्या वळणाचा. हे खटकणार ते मराठी लिहिणाऱ्यालाच. म्हणजे मराठी नीट उमटायची असेल तर मराठी माणूस तिथे जाऊन बसला पाहिजे, आणि त्याने सांगितलं पाहिजे की हे चुकलंय.

तशी माणसं बसली, म्हणून आज फायरफॉक्स, लिब्रेऑफिस अशी सॉफ्टवेअर मराठीत वापरता येतात. सगळंच फुकट झालं असं नाही. पुण्यात रेड हॅट नावाच्या कंपनीत भारतीय भाषांचं काम पगारी माणसं करायची. पण त्याबरोबर कित्येकांनी आपापल्या घरी बसून एकेक शब्द मराठीत आणला. 'सेव्ह'ला काय म्हणायचं, 'जतन करा' की 'साठवा', यावर त्यांचे वाद झाले असतील, कारण मराठी माणसं एकत्र आली आणि शब्दांवरून वाद झाला नाही असं होत नाही. एक मात्र वाटतं. भाषांतर करणारे बहुतेक शहरात शिकलेले. त्यामुळे काही शब्द असे पुस्तकी झालेत की आमच्या बायका म्हणतात, ताई, त्यापेक्षा इंग्रजीच बरं होतं. हे शब्द गटातल्या कुणी निवडले असते तर वेगळे झाले असते. यात कुणाचा दोष काढत नाही मी. जे आले त्यांनी केलं, आपण तिथे नव्हतो.

दुसरी गोष्ट निर्णयाची. हौशी माणसं एकत्र आली की त्यांना बांधायचं कसं? डेबियन नावाचा एक मोठा प्रकल्प आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने सुरू केला. आपल्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, स्वतःचं इयन, दोन्ही जोडून त्याने डेबियन केलं. (ऐकायला छान वाटतं, पुढे दोघांचं लग्न झालं आणि मोडलंही, नाव मात्र टिकलं.) जगभरातले सुमारे हजार सभासद आज तो चालवतात. त्यांची लेखी घटना आहे, दरवर्षी मतदान करून ते आपला प्रमुख निवडतात. आणि त्या घटनेत स्पष्ट लिहिलंय की या घटनेमुळे कुणावरही काम करण्याची सक्ती होत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्या गटाच्या नियमावलीत असं लिहून बघा! पण विचार केला तेव्हा पटलं. ज्याला पगार नाही त्याला हुकूम देता येत नाही, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलंय. म्हणून तिथे प्रमुखाला दमदाटी करून चालत नाही, पटवून द्यावं लागतं. त्याला वेळ लागतो. त्यांची नवी आवृत्ती तयार होईल तेव्हाच बाहेर पडते, तारीख जाहीर करून घाईने नाही.

आणि पटलंच नाही तर? तर फुटून निघता येतं. २०१० मध्ये ओपनऑफिस नावाच्या सॉफ्टवेअरचं तसं झालं. ते ज्या कंपनीकडे होतं ती कंपनी ओरॅकल नावाच्या दुसऱ्या बड्या कंपनीने विकत घेतली. काम करणाऱ्यांना नव्या मालकाचा भरवसा वाटेना. मग त्यातले बरेच जण बाहेर पडले, वेगळी संस्था काढली, आणि तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस नावाने काम पुढे नेलं. आपला गट फुटला की भांडण पैशावरून होतं, पासबुक कुणाकडे, सतरंज्या कुणाच्या, गिरणी कुणाच्या दारात. इथे मसाल्याचं प्रमाण दोन्हीकडे तसंच राहतं. ज्यांच्याकडे हात जास्त, तिकडे गिऱ्हाईक जातं. लिब्रेऑफिस वाढलं. म्हणजे ज्याला पगार नाही त्याच्याकडे एक ताकद असते, ती म्हणजे उठून जाण्याची. मोठ्या कंपन्यासुद्धा या ताकदीला जपून असतात.

मात्र सगळं हौशी लोकच चालवतात, हा समज आता खरा नाही. लिनक्सचं बरंचसं काम आज पगारी माणसं करतात. इंटेल, गुगल अशा कंपन्या त्यांना त्यासाठीच नेमतात. त्यात वाईट काही नाही, पण कंपनीला जे हवं ते आधी होतं, हे उघड आहे.

आता त्या ताईंच्या मुलीकडे येते. ताई, तुमची मुलगी फसवली जातेय की नाही, हे पैशावरून ठरवू नका. काही गोष्टी तिला विचारा. ती जे काम करते ते सगळ्यांना दिसेल असं उघडं असतं का? खऱ्या ओपन सोर्समध्ये कोणत्या तारखेला कुणी कोणती ओळ बदलली, याची नोंद राहते आणि ती कुणालाही बघता येते. तिच्या नावाची नोंद तिथे आहे का, ते दाखवायला सांगा. इंग्रजी वाचता येत नसलं तरी पोरीचं नाव ओळखता येईल तुम्हाला. पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेली तर ही नोंद दाखवता येते. दुसरं, केलेल्या कामाचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, की कुणी एक जण तो घेऊन गुपचूप विकतोय? विकत असेल तर ती शुद्ध फसवणूक, तिथून तिला उठवा. तिसरं, तिला नाही म्हणता येतं का? परीक्षा आहे, या महिन्यात जमणार नाही, असं सांगितल्यावर पलीकडचा माणूस मुकाट्याने बरं म्हणतो का? आणि चौथं तुमच्यासाठी. ती रात्री का बसते? दिवसा तिला वेळ मिळत नाही म्हणून. भांडी, पाणी, कॉलेजची एसटी. तिच्या भावाला दिवसा वेळ मिळतो की नाही, तेवढं घरात बघा.

हे मी उगाच बोलत नाही. ग्नोम नावाचा एक ओपन सोर्स प्रकल्प आहे. २००६ मध्ये गुगलच्या एका उन्हाळी योजनेत शिकाऊ मुलांना मानधन देऊन अशा प्रकल्पांवर काम करायला मिळणार होतं. ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यात मुलींचे किती असतील? एकही नाही. दार उघडंच होतं, नियमात कुठेही मुलींना मनाई नव्हती. पण हौसेचं काम करायला आधी मोकळा वेळ लागतो, आणि आपण तिथे चाललो तर कुणी हसणार नाही अशी खात्री लागते. मग ग्नोमच्या लोकांनी त्याच उन्हाळ्यात फक्त मुलींसाठी वेगळी योजना जाहीर केली, आणि अर्ज धडाधड आले. मुली होत्याच. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं. त्यातूनच पुढे आउटरीची नावाची योजना उभी राहिली. तीन महिने, घरी बसून काम, सोबत शिकवणारा एक अनुभवी माणूस आणि वर मानधन. भारतातल्या मुलींनाही त्यातून काम मिळालंय. तुमच्या मुलीला हे नाव सांगा, ती शोधेल.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, छान चाललंय की सगळं. नाही. मघाशी म्हटलं ना, कणगी रिकामी होत नाही, माणसाचा वेळ कमी पडतो. तो कमी पडला की काय होतं, ते आता सांगते.

इंटरनेटवर बँकेचा व्यवहार करताना तुमचा पासवर्ड वाटेत कुणी वाचू नये म्हणून एक कुलूप लागतं. ओपनएसएसएल नावाचं असं कुलूप जगातल्या कितीतरी वेबसाइट वापरत होत्या. एप्रिल २०१४ मध्ये कळलं की त्यात एक भोक आहे आणि दोन वर्षांहून जास्त काळ ते तसंच होतं. एका हौशी माणसाकडून राहिलेली साधी चूक, तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटलेली. मग लोकांनी चौकशी केली, की हे कुलूप सांभाळतंय कोण? तर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. आणि देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. जगातल्या श्रीमंत कंपन्यांच्या तिजोऱ्या ज्या कुलपावर, त्याला तेल द्यायला एवढे पैसे. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लाजेकाजेने का होईना, एकत्र येऊन निधी काढला.

पण मला खरं हादरवलं ते २०२४ मधल्या गोष्टीने. एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. माहिती दाबून लहान करायची, एवढंच त्याचं काम. पेटीत मावत नाहीत म्हणून आपण गोधड्यांची घट्ट वळकटी करतो ना, तसं. लिनक्स चालणाऱ्या असंख्य कॉम्प्युटरमध्ये ते असतं, आणि ते आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. फिनलंडमधला एक माणूस वर्षानुवर्षं ते एकट्याने सांभाळत होता. पगार नाही, मदतनीस नाही.

२०२१ मध्ये जिया तान नावाने कुणीतरी तिथे आलं. छोटी छोटी कामं करून पाठवू लागलं. नेटकी, वेळेवर, न कुरकुरता. २०२२ मध्ये आणखी काही नवी नावं उगवली. त्यातल्या एका नावात तर 'कुमार' होतं, ऐकायला आपल्याकडचं वाटावं असं. ही मंडळी त्या एकट्या माणसामागे लागली. कामं रखडताहेत, तुम्हाला झेपत नाही, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या, असा त्यांचा सूर. त्या माणसाने उत्तर दिलं, की माझी आवड गेलेली नाही, पण माझ्या मनाची प्रकृती फार दिवस ठीक नाही, आणि हे मी पगार न घेता करतोय हे ध्यानात घ्या. तरी टोचणी थांबली नाही. मग जो गुणी मदतनीस समोर उभाच होता, त्याच्या हातात हळूहळू किल्ल्या गेल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मदतनिसाने नवी आवृत्ती काढली. तिच्यात चोरवाट होती. चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींच्या आत ती लपवली होती, सहज वाचून कळू नये म्हणून. ती जगभर पसरली असती तर लांबून कुणालाही न कळता असंख्य कॉम्प्युटरमध्ये शिरता आलं असतं. दोन वर्षांहून जास्त काळ कुणीतरी विश्वास मिळवत बसलं होतं, याच एका दिवसासाठी. ते कोण होतं, एक माणूस की टोळी, हे आजही उजेडात आलेलं नाही. ते जिया तान आणि ते कुमार, ही नावं कुणाची खरी होती असं दिसत नाही.

ही चोरवाट सापडली कशी, तेही ऐका. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला, आणि पोस्टग्रेस नावाच्या ओपन सोर्स प्रकल्पावर काम करणारा. तो वेगळीच काहीतरी मोजणी करत होता. त्याला दिसलं की दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण पापणी मिटून उघडेपर्यंतचा वेळ. दुसरा असता तर म्हणाला असता, असेल काही. हा खोदत गेला. कोड उघडा होता म्हणून खोदता आलं, पुड्यातलं असतं तर तिथेच थांबावं लागलं असतं. २९ मार्च २०२४ ला त्याने सगळ्यांना कळवलं. तोवर ती आवृत्ती काही ठिकाणी चाचणीसाठी पोचली होती, पण रोजच्या वापरातल्या बहुतेक कॉम्प्युटरपर्यंत गेली नव्हती. थोडक्यात निभावलं.

लोकांनी यावर म्हटलं, ओपन सोर्सवर विश्वास ठेवू नये, कुणीही येऊन काहीही घालतं. मला ते पटत नाही. मला त्यात आपल्या गटाची सचिव दिसली. गट चांगला चाललाय. हप्ते वेळेवर, अंतर्गत कर्जं वेळेवर, ग्रामसंघाच्या बैठकीत कौतुक. आणि सगळं दप्तर एकटी लिहितेय. हजेरी, इतिवृत्त, रोकड वही, सभासदांची पासबुकं, बँकेत खेटे. बाकीच्या म्हणतात, तिला छान जमतं. ती आजारी पडली की म्हणतात, लिखाण मागे पडलंय, तिला झेपत नसेल तर सोडावं. मग कुणी गोड बोलणारं पुढे येतं, द्या ताई, मी लिहून देते, तुम्ही फक्त सह्या करा. थकलेली बाई सुटकेचा श्वास टाकते आणि वह्या देऊन मोकळी होते. पुढचं मी सांगायला नको. कुठल्या ना कुठल्या गावात तुम्ही ते पाहिलंय. घेतलेलं नसताना नावावर निघालेलं कर्ज, आणि बँकेची नोटीस आल्यावर कळलेलं.

अशा वेळी आपण त्या थकलेल्या बाईला बोल लावतो. तिने का दिल्या वह्या? पण तिला टोचणाऱ्या किती होत्या, आणि तिच्याशेजारी वही उघडून बसणारी किती होत्या, हे कुणी मोजत नाही. फिनलंडच्या त्या माणसाचं सॉफ्टवेअर जगभर पोचलं होतं. त्यातल्या किती जणांनी त्याला विचारलं असेल, बाबा, तुझी तब्येत कशी आहे?

आमच्या भागातल्या एका गटाने एक पद्धत ठेवलीय, ती मला आवडते. दर तीन महिन्यांनी लिहिणारी बदलते, आणि जुनी नवीच्या शेजारी बसते. रोकड वही बैठकीत मोठ्याने वाचतात. सगळ्यांना लिहिता येत नाही, पण ऐकता येतं, आणि आपण दिलेला आकडा सगळ्यांच्या ध्यानात असतो. एका बैठकीत पन्नास रुपयांचा फरक एका आजींनी नुसतं ऐकून पकडला. त्यांना अक्षर ओळख नाही. आंद्रेस फ्रॉइंडला जो अर्धा सेकंद खटकला, तसे त्यांना पन्नास रुपये खटकले.

फिनलंडचा तो माणूस परत आला. त्याने सगळा कोड ओळीओळीने तपासला, चोरवाट काढून टाकली आणि मे २०२४ च्या शेवटी साफ केलेली आवृत्ती बाहेर काढली. आज ते सॉफ्टवेअर चालू आहे.

तुमच्या गटात दप्तर कोण लिहितं, ती आजारी पडली तर दुसरी कोण लिहू शकते, हे आपल्या केंद्राला कळवा. फोन करा किंवा बैठकीच्या दिवशी निरोप पाठवा. पुढच्या गुरुवारच्या कार्यक्रमात त्यातल्या काही जणींशी बोलू. आणि त्या ताईंच्या मुलीला आम्ही केंद्रावर बोलावलंय. तिची परीक्षा संपली की ती येणार आहे, तिचे प्रश्न तुम्हीच विचारा.